एका पैची चूक आणि माझे नऊ किलो

आमचे गाव पैठण तालुक्यात आहे. दिवाळी झाली की आमच्या पऱ्हाटीची बोंडे फुटतात आणि वेचणीला बाया येतात. यंदा तीन मावश्या येत होत्या. संध्याकाळी दादा काटा अडकवतात, गाठोडे टांगतात आणि वजन मोठ्याने सांगतात. ते वहीत लिहायचे काम ताईचे होते. पण ताई यंदा आठवीला तालुक्याच्या शाळेत गेली, ती दिवे लागल्यावर घरी येते. म्हणून दादांनी मला हाक मारली, "ये इकडं, वही घे. आजपासून तू मुनीम."

मी गोठ्यात जाऊन लपलो. कारण मी गणितात कच्चा आहे हे साऱ्या वर्गाला ठाऊक आहे. हातच्याची वजाबाकी दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. दादा दुसऱ्यांदा हाक मारत नाहीत, नुसते थांबतात. ते वही धरून उभे राहिले, बायाही उभ्या राहिल्या. शेवटी बैलाने मला शेपटी मारली, मग मी बाहेर आलो.

लिहायला लागलो तर काही अवघड नव्हते. दोन दिवसांत मी पेन्सिल कानावर ठेवून हिंडायला लागलो. आजी म्हणाली, "बाई बाई, लईच मोठा मुनीम झाला की!"

वेचणीचा भाव किलोला १० रुपये होता. पैसे बाजाराच्या दिवशी देतात. त्या दिवशी दादांनी माझी वही बघून तिघींना पैसे दिले. एका मावशीने नोटा दोनदा मोजल्या, पदराला बांधल्या आणि काही न बोलता गेली. रात्री दादांनी कापसाची पोती काट्यावर घेतली, तर वहीपेक्षा ९ किलो जास्त भरली. दादा म्हणाले, "दवानं ओला झाला असंल." मीपण मान हलवली.

पुढच्या आठवड्यात आमची सहल देवगिरीच्या किल्ल्यावर, म्हणजे दौलताबादला गेली. मेंढ्याच्या तोंडाची तोफ पाहिली. अंधारीत वटवाघळांचा इतका वास येतो की पोरांनी नाके दाबली. मी गुरुजींचा शर्ट धरला होता, पण तसे बाकीच्यांनीपण धरले होते. वर जनार्दनस्वामींची गुहा आहे. तिथे गुरुजींनी सगळ्यांना बसवले आणि आपल्या पैठणच्या नाथांची गोष्ट सांगितली.

एकनाथ महाराजांचे आईवडील ते लहान असतानाच वारले. आजीआजोबांनी त्यांना वाढवले. बारा वर्षांचे असताना रात्री देवळात त्यांना हाक ऐकू आली, की देवगिरीला जा, तिथे तुला गुरू भेटतील, असे सांगतात. ते घरी न सांगता निघाले. पैठणहून संभाजीनगर पन्नास किलोमीटर आणि तिथून किल्ला पुढे पंधरा. आम्ही गाडीत बसून गेलो तरी दोघांना उलटी झाली. जनार्दनस्वामी किल्ल्याचे किल्लेदार होते. त्यांनी नाथांना हिशेबाचे काम दिले. एकदा हिशेबात एका पैची चूक राहिली. नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले. पहाटे चूक सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळीच वाजवली, आणि स्वामी जागे झाले.

पै म्हणजे किती ते मी नंतर आबांना विचारले. आबा म्हणाले, रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पया. १९५७ साली नवे पैसे निघाले तेव्हा हा हिशेब बदलला. म्हणजे एका रुपयात १९२ पया. नाथ तेवढ्यासाठी जागले, आणि माझे तर नऊ किलो होते.

घरी आल्यावर सगळे झोपले तेव्हा मी वही काढली. त्या मावशीचे आकडे असे होते: ३१, ३३, २३, ३०. त्या तिसऱ्या दिवशी तिचे गाठोडे सगळ्यांत मोठे होते आणि ती हसून म्हणाली होती, "आज माझा पहिला नंबर." दादा म्हणाले होते बत्तीस. बत्तीस म्हणताना आपण आधी दोन म्हणतो. मी आधी दोन लिहिला आणि मग तीन. पुस्तकात आम्हाला 'तीस दोन' असेपण वाचायला शिकवले होते, पण काट्यापाशी कोणी तीस दोन म्हणत नाही. बत्तीस वजा तेवीस नऊ. चूक सापडली, पण मला टाळी वाजवावी वाटली नाही. मी वही उशीखाली ठेवली.

दोन दिवस मी कोणाला बोललो नाही. वाटले, दादा वही काढून घेतील आणि म्हणतील, कच्चा तो कच्चाच. तिसऱ्या दिवशी जेवताना घास गिळंना. माय म्हणाली, "कामून रे, पोट दुखतंय का?" तेव्हा मी सगळे सांगून टाकले.

दादा रागावले नाहीत. त्यांनी हात धुतला, ९० रुपये आणले आणि माझ्या हातात ठेवले. म्हणाले, "पैसे माझे, चूक तुझी. तूच जाऊन सांग."

मावशीचे घर आमच्या घरापासून पाच घरे पुढे आहे. मला ते फार लांब वाटले. मावशी भाकरी थापत होती. मी पैसे पुढे केले आणि म्हणालो, "मावशी, मी बत्तीसचे तेवीस लिहिले."

ती म्हणाली, "मला वाटलंच होतं रे लेकरा, कमी आले म्हणून. पण मला कुठं वाचता येतं? म्हणलं, आपलंच मोजायला चुकलं असंल. त्या बाजाराला तेल अर्धाच किलो आणलं."

मला वाटले होते ती रागावेल. ती रागावली असती तर बरे झाले असते.

शाळेत मी हे गुरुजींना सांगितले. त्यांनी फळ्यावर ५२ वजा २५ आणि ४१ वजा १४ करायला लावले. दोन्हीकडे २७ आले. दोन अंक उलटे झाले की फरक नेहमी नऊच्या पाढ्यातला येतो, असे ते म्हणाले. तुम्हीपण करून बघा. मी पाटीभर केले, एकदाही चुकले नाही. हातच्याची वजाबाकी मी कोणी न सांगता करतो आहे, हे पाटी भरल्यावर माझ्या ध्यानात आले.

वही दादांनी काढून घेतली नाही. नंतर कापूस संपेपर्यंत मीच लिहिले. वजन लिहिले की मी आकडा बोट ठेवून मावशीला दाखवायचो. ती वाकून बघायची आणि विचारायची, "यातला तीन कोणता?" शेवटच्या वेच्याला तिचे गाठोडे १३ किलो भरले. मी दाखवायच्या आधीच तिने तीनवर बोट ठेवले.

— इयत्ता चौथी