ओढ्यातलं चक्र

मुलांनो, ही गोष्ट गेल्या वर्षीची. चूक माझीच होती, म्हणून तुम्हांला सांगते.

आमच्या शाळेमागे एक ओढा आहे. चौथीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत रोज तिथं जाऊन बसायचा. वर्गात फारसा बोलायचा नाही. एकदा बघायला गेले, तर पठ्ठ्यानं काळे दगडगोटे एकाला एक लावून गोगलगाईच्या शंखासारखं चक्र केलेलं! त्याच्या वळणांतून पाणी खळखळत फिरत होतं आणि उन्हात ओले दगड चकाकत होते.

दोन दिवसांनी शाळेत हस्तकलेचं प्रदर्शन होतं. त्याला न विचारताच मी चार मुलांकडून ते दगड उचलून आणले आणि व्हरांड्यात तसंच चक्र मांडलं. पण बघते तर काय, नुसता दगडांचा ढीग! तो आला, बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "बाई, इथं पाणी नाही ना."

मला काही बोलताच येईना.

रात्री पुस्तकात पाहिलेलं एक छायाचित्र आठवलं. अमेरिकेत युटा राज्यात ग्रेट सॉल्ट लेक हे खारट पाण्याचं सरोवर आहे. १९७० साली रॉबर्ट स्मिथसन या शिल्पकारानं काठापासून आत पाण्यात, दगडमातीची गोल वळत जाणारी वाट बांधली. लांबी सुमारे १५०० फूट, रुंदी १५ फूट. नाव 'स्पायरल जेटी'. दगड कोणता, ठाऊक आहे? बेसॉल्ट! आपल्या सह्याद्रीत असतो तोच काळा दगड.

दोनेक वर्षांत सरोवराचं पाणी चढलं आणि शिल्प बुडालं. १९७३ साली स्मिथसन विमान अपघातात गेले. पुढे दुष्काळात पाणी उतरलं आणि २००२ च्या सुमारास शिल्प पुन्हा वर आलं, अंगावर मिठाचा पांढरा थर घेऊन! पाणी, मीठ, ऊन, सगळेच त्या शिल्पात सामील. ते उचलून दुसरीकडे नेलं, तर उरतील फक्त दगड.

सकाळी मी त्या मुलाची माफी मागितली. सगळे मिळून दगड परत ओढ्यावर नेले. तो सांगत होता, मी दगड हातात देत होते. प्रदर्शनाला आलेले पालकही चालत ओढ्यापर्यंत आले.

पावसाळ्यात चक्र वाहून गेलं. मला हळहळ वाटली. तो मात्र हसून म्हणाला, "दगड आहेत की बाई, अजून!"