पोटावरचा हात

पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाने १९९८ साली मी पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी आले. आई धास्तावलेली होती. तिची धाकटी बहीण घरीच बाळंत झाली आणि तासाभरात रक्तस्रावाने गेली. बाळ ठणठणीत रडलं म्हणून सगळे त्याच्याभोवती होते.

उपकेंद्राच्या नर्सबाईंना आम्ही खोट्या कळांसाठी दोनदा रात्री उठवलं. त्या एकदाही वैतागल्या नाहीत. "पोरी, अंगणात चाल बघू. चालल्यावर विरली तर कळ कच्ची. खरी कळ कंबरेतून पोटावर येते आणि दर वेळी लवकर येते." मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी आईला दिलं. एक कळ सुरू झाली की पुढची सुरू होईपर्यंत किती मिनिटं, ते मोजायला शिकवलं.

चार दिवसांनी लालसर, चिकट अंगावरून गेलं. पहाटे कळा पाच मिनिटांवर आल्या. जीपने प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो, तिथेही त्या सोबत होत्या. पाणी गेलं तेव्हा त्यांनी आधी रंग पाहिला. स्वच्छ होतं. हिरवट असतं तर बाळाने पोटातच शी केली असं समजायचं. दिवसभर त्यांनी मला चालवलं, चहा पाजला, डाव्या कुशीवर निजवलं. अर्ध्या-अर्ध्या तासाने पोटाला नळी लावून ठोके ऐकले. मी जोर करायला लागले की म्हणायच्या, "आत्ता नाही. पिशवीचं तोंड पुरतं उघडू दे, नाहीतर थकशील." पुरतं म्हणजे दहा सेंटिमीटर. संध्याकाळी त्यांनीच सांगितलं, "आता कर जोर." काही वेळात मुलगी झाली.

सगळे तिच्याकडे वळले. आईसुद्धा. नर्सबाईंचा हात मात्र माझ्या पोटावरून हलला नाही. वार पडल्यावर त्यांनी ती ट्रेमध्ये पसरली, पाणी ओतून धुतली आणि दिव्याखाली बोटाने कडेकडेने तपासली. एखादा तुकडा आत राहिला तर गर्भाशय आवळत नाही आणि रक्त थांबत नाही. पुढचे दोन तास त्या स्टुलावर बसून होत्या. अधूनमधून पोट दाबायच्या, कपडा बघायच्या. "चेंडूसारखं घट्ट लागतंय," असं त्या म्हणाल्या तेव्हा आई रडली. मावशीपाशी तेव्हा असं कुणी बसलं नव्हतं.

बाराव्या दिवशी आईने त्यांची ओटी भरली. त्यांनी नारळ ठेवला, साडी परत केली. पुढे त्यांची बदली झाली आणि गाठ पडली नाही. त्यांचं ऋण माझ्यावर आहे.

येत्या महिन्यात तीच मुलगी बाळंत होईल. बाळ बघायला पुष्कळ जण येतील. पहिले दोन तास मी तिच्यापाशी बसणार आहे. कपडा भराभर भिजला किंवा तिला घेरी आली, तर लगेच डॉक्टरांना हाक मारायची. तुमच्या घरी बाळंतपण असेल तर तुम्हीही एक माणूस आईपाशी बसवा.