पुरुमेंताची यादी

सूर, म्हणजे माडाची ताडी. यादीत पहिली तीच, कारण तिच्यावाचून गोव्याचा पाव झालाच नसता. 1510 मध्ये पोर्तुगीज आले, पाठोपाठ गव्हाचा पाव आला, पण पीठ फुगवायला खमीर नव्हतं. ते माडावर सापडलं. सूर काढणारा रेंदेर दिवसातून तीनदा माड चढतो: सकाळ-संध्याकाळ सूर उतरवायला, दुपारी कातीनं फुलोऱ्याचं टोक तासायला. ताजी सूर गोड असते, ऊन वाढलं की फेसाळते, आणि तशीच ठेवली तर विनागराच्या वाटेला लागते. पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, ती या दोहोंच्या मध्ये हवी असे. त्यामुळे भट्टीचं वेळापत्रक माड ठरवायचा. सुरेत मळलेलं पीठ रात्रभर आपल्या गतीनं वर येई, आणि त्या पावाला एक हलका आंबूसपणा असे. तो पाव ज्यांनी खाल्ला आहे ते त्याच्याबद्दल बोलायला लागले की थांबत नाहीत.

पुढे यीस्टची पुडी आली. पीठ काही तासांत फुगू लागलं. रेंदेरांची मुलं शिकली, बोटीवर गेली, आखातात गेली. उंच माडावर पावसावाऱ्यात चढण्याच्या कामातून बापानं मुलाला सोडवलं, यात कोणाला दोष द्यायचा? पण सूर एकटी जात नाही. सुरेवर फुगणारी, इडलीसारखी सान्नां गेली. आता तीही बहुतेक घरी यीस्टवरच होतात. सूर आटवून केलेलं माडाचं काळं गोड दुर्मीळ झालं. माडाची फेणी काजूच्या फेणीमागे पडली. सुरेचा पाव करणारी भट्टी आज शोधावी लागते.

उंडो. गोल, वरून टणक, आत मऊ. अजून आहे.

काटऱ्याचो पांव. फुलपाखरासारखा दिसणारा. हाही आहे, पण रोज सगळीकडे मिळेलच असं नाही.

कांकण. बांगडीसारखी, कुरकुरीत, चहात बुडवायची. लहान मुलांचा हिस्सा.

पोय. मला विचाराल तर या सगळ्यांत थोर हीच. कोंड्यासकट पिठाची, चपटी, भाजताना फुगून आतून पोकळ होणारी. त्या पोकळीत सुक्या बांगड्याची किसमूर भरा, नाही तर नुसती उसळ. अलीकडे बऱ्याच ठिकाणी आत मैदा आणि कोंडा नुसता वरून भुरभुरलेला, अशी पोय मिळते. तिला पोय म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

घुंगरांची काठी. पोदेर डोक्यावर टोपली घेऊन पायी येई तेव्हा काठीच्या आवाजावर घर जागं होई. ती गेली, सायकलचा पों-पों हॉर्न आला, आणि आता त्या हॉर्नचीही वाट बघावी लागते.

भिंतीवरचा हिशेब. रोज किती पाव घेतले ते पेन्सिलीनं भिंतीवर, पैसे महिन्याअखेरीस. लबाडी करायची तर दोघांनाही सोपी होती.

फेस्त. मे महिन्याच्या आसपास म्हापशाला मिलाग्रेस सायबिणीचं, त्यानंतर मडगावला होली स्पिरिटचं. ही पुरुमेंताची फेस्तं, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करण्याची. मिरच्यांचे ढीग, कांद्याच्या माळा, चिंच, सोलां, आगरातलं जाडं मीठ, मातीची भांडी, आणि वाऱ्यासरशी अर्ध्या बाजाराला सांगत येणारी सुकी सुंगटां, म्हणजे कोळंबी. पूर्वी हे विकत घेणं ही गरज होती. पावसात होड्या किनाऱ्याला लागत, ओहोळ भरत, गावं तुटत. आजही 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. पण शीतपेटीत मासळी असते आणि कोपऱ्यावरच्या दुकानात बाराही महिने मिरची असते. बाजार भरतो, गर्दीही होते. घरात चार महिने पुरेल इतकं साठवून ठेवणारी खोली मात्र नव्या फ्लॅटमध्ये नाही. फेस्त आहे, पुरुमेंत गेलं. पाव आहे, सूर गेली. वस्तू टिकते आणि तिला लागणारा वेळ आधी निघून जातो, हे मला या यादीत पुन्हा पुन्हा दिसतं.

खाजें. बेसनाच्या कांड्या, आल्याच्या गुळात घोळवलेल्या. हे मुळीच गेलेलं नाही, पण यादीत हवंच. शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रेस या बहिणी मानल्या जातात, आणि खाजेकारांना तर जत्रा आणि फेस्त यांत फरक करण्याचं कारणच पडलेलं नाही. लईराईच्या जत्रेत तीच दुकानं, 3 डिसेंबरच्या फेस्ताला जुन्या गोव्यातही तीच.

बोल. लग्नातला गोड पाव. मुलीबरोबर सासरी जाणाऱ्या वोज्यात दोदोल, केळी आणि बोल. सासरच्यांनी तो वाड्यावर घरोघर वाटायचा, म्हणजे नवी सून आल्याचं सगळ्यांना कळे.

शेजाऱ्यांची भट्टी. जांभ्या दगडाची आणि मातीची घुमटाकार भट्टी, आत लाकडं पेटवून तापवायची, निखारे ओढून घ्यायचे आणि तापलेल्या जमिनीवर लांब फळीनं पाव सरकवायचा. भट्टी निवता निवता तिच्यात बरंच काही भाजून निघतं. नाताळच्या दिवसांत बायका बोलिन्यां, बातक अशा गोड पदार्थांचे पत्रे घेऊन पोदेराकडे जात. पत्रा आपला ओळखू यावा म्हणून खुणा करत, आणि पाळी येईतो तिथंच गप्पा रंगत. घरोघर ओव्हन आले आणि हे थांबलं. या यादीतली मला सर्वांत जास्त रुखरुख लावणारी गोष्ट हीच.

आज अनेक भट्ट्या कर्नाटकातून आलेली माणसं भाड्यानं चालवतात. जुन्या पोदेरांची मुलं दुसऱ्या कामांकडे वळली, तेव्हा यांनी आग विझू दिली नाही. गोव्यानं त्यांचं ऋण मोकळेपणानं मानायला हवं. लाकूड महाग झालं, मैदा महाग झाला, पण पावाचा भाव रुपया-दोन रुपयांनी वाढला की गावभर ओरड होते. ती ओरड मला पटत नाही. रात्र जागून भाजलेली आणि पहाटे सायकलवरून दारात आणून दिलेली गरम पोय दोन रुपये जास्त देऊन घ्यायची माझी तयारी आहे, आणि वाड्यावर विषय निघाला की मी तेच सांगते.