गुलाबी पडलेल्या खुर्च्या

२०१८ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या संडरलंड शहरात एक गंमत चालली होती. स्टेडियम ऑफ लाइटमधल्या लाल खुर्च्या उन्हापावसात विटून गुलाबी पडल्या होत्या, आणि त्या उपटून नव्या बसवायला गावातली माणसं आपण होऊन आली होती. मजुरी शून्य. ज्या संघाचे सामने बघायला ती वर्षभर पैसे मोजत होती, त्याच संघाच्या मैदानात आता ती घामही गाळत होती. बरं, संघ काही जिंकून आलेला नव्हता. २०१७ मध्ये तो प्रीमियर लीगमधून चॅम्पियनशिपमध्ये घसरला. २०१८ मध्ये तिथंही शेवटचा येऊन लीग वनमध्ये, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या तिसऱ्या थरात जाऊन पडला. अशा वेळी शहाणा माणूस दुसरा संघ शोधेल. संडरलंडच्या माणसानं पाना शोधला.

डबघाईला आलेला संघ पुन्हा उभा कसा करायचा, यावर चाहत्याचं मत सहसा कुणी मनावर घेत नाही. त्याच्याकडे ताळेबंद नसतो, खेळाडूंच्या धावण्याचे आलेख नसतात. असते ती स्टँडमधली ठरलेली जागा आणि बापाकडून वारशानं आलेली तक्रार. ‘नवा स्ट्रायकर आणा, मॅनेजरला हाकला’ यापलीकडे त्याला काही कळत नाही, असा संचालकांच्या खोलीतला समज. संडरलंडची गेली दहाएक वर्षं पाहिली तर मात्र वाटतं की रोग चाहत्यानं बराच आधी ओळखला होता. औषध सुचवताना तो पुष्कळदा चुकला, हेही तितकंच खरं.

हा संघ एकेकाळी लहानसहान नव्हता. सहा वेळा इंग्लंडचा विजेता, शेवटचा १९३६ मध्ये. १८९० मध्ये लीगमध्ये आला तो थेट १९५८ पर्यंत पहिल्या थरातून कधी खाली उतरलाच नाही. १९७३ मध्ये दुसऱ्या थरात असताना त्यानं वेम्बलीवर बलाढ्य लीड्सला १-० नं हरवून एफ.ए. कप नेला, आणि इयन पोर्टरफिल्डचा तो गोल पाहिलेला म्हातारा आजही शहरात भाव खाऊन असतो. गाव जहाजं बांधणाऱ्यांचं आणि कोळसा खणणाऱ्यांचं. १९८८ मध्ये शेवटच्या जहाजगोद्या बंद झाल्या. डिसेंबर १९९३ मध्ये मंकवेअरमथची खाण बंद झाली आणि डरहॅमच्या कोळसापट्ट्यातला शेवटचा पाळणा थांबला. त्याच खाणीच्या जागेवर १९९७ मध्ये नवं स्टेडियम उभं राहिलं. बाहेर खाणकामगाराच्या डेव्ही दिव्याचं स्मारक आहे. बाप ज्या जमिनीखाली उतरत होता, तिच्यावर बसून मुलगा दर आठवड्याला ओरडतो. अशा माणसाला ‘ग्राहक’ म्हणून कसं चालेल?

आपल्याकडे बऱ्याच जणांना हा संघ ठाऊक झाला तो नेटफ्लिक्समुळे. ‘संडरलंड टिल आय डाय’ ही माहितीपट-मालिका डिसेंबर २०१८ मध्ये आली. कॅमेरे गेले होते पुनरागमनाची कथा टिपायला आणि हाती लागली घसरगुंडी. मालिकेतले खेळाडू विसरले जातात, पण स्टँडमधले चेहरे विसरत नाहीत. फुटबॉलच्या मालिकेचं एरवी याच्या उलट व्हायला हवं.

रोग काय होता? २००७ ते २०१७ अशी सलग दहा वर्षं संघ प्रीमियर लीगमध्ये होता. बाहेरून पाहणाऱ्याला ती सुखाची वाटतील. पण शेवटची चार-पाच वर्षं दर हंगामात तोच प्रयोग लागायचा: संघ तळाशी, मॅनेजरची हकालपट्टी, नवा माणूस, आणि अखेरच्या आठवड्यांत कशीबशी सुटका. २०१३ मध्ये दी कॅनिओनं वाचवलं, २०१४ मध्ये पोयेतनं, २०१५ मध्ये अॅडव्होकाटनं, २०१६ मध्ये अॅलर्डाइसनं. प्रत्येक सुटकेनंतर शहर नाचलं आणि पावसाळा सरल्यावर गळकं छप्पर विसरणाऱ्या घरमालकासारखा क्लब पुन्हा निवांत झाला. दर नव्या मॅनेजरला हवे असलेले खेळाडू वेगळे, आधीच्याचे नकोसे. पगार मात्र सगळ्यांचे चालू. कर्ज दहा कोटी पौंडांच्या पुढे गेलं. वाचण्याची सवय हाच आजार होता. २०१६ मध्ये डेव्हिड मॉइझ आले आणि हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यानंतर जाहीरपणे म्हणाले की यंदाही तळाशीच झगडावं लागणार. चाहते भडकले, पण मनातून त्यांनाही ते माहीतच होतं. संघ २४ गुणांवर शेवटचा आला.

जॅक रॉडवेलचं प्रकरण या काळाचा आरसा म्हणून सांगतात. २०१४ मध्ये मँचेस्टर सिटीकडून मोठ्या रकमेला आणलेला हा मिडफिल्डर. पगार आठवड्याला सुमारे ७०,००० पौंड असल्याच्या बातम्या होत्या, आणि संघ खाली घसरला तर पगार कापण्याचं कलम त्याच्या करारात नव्हतं. त्यामुळे दुसऱ्या थरात, जवळजवळ न खेळता, तो पूर्ण पगार घेत राहिला. करार मोडून जा म्हटल्यावर त्यानं लगेच मान डोलावली नाही. लोकांनी त्याला शिव्या घातल्या. पण ज्यानं सही केलेला कागद पाळला त्याच्यावर कसला राग? राग हवा तो कागद पुढं सरकवणाऱ्यावर, आणि स्टँडमध्ये असं म्हणणारेही होतेच.

या पडझडीत घरच्या मैदानावर जवळजवळ वर्षभर एकही विजय मिळाला नव्हता. डिसेंबर २०१७ मध्ये फुलमविरुद्ध तो दुष्काळ संपवला जॉश माजा नावाच्या १८ वर्षांच्या पोरानं. बदली म्हणून उतरला आणि लीगमधल्या पहिल्याच सामन्यात गोल. पुढं लीग वनमध्ये त्यानं गोलांची रास घातली. एव्हाना क्लबला नवा मालक मिळाला होता, स्ट्युअर्ट डोनाल्ड. खुर्च्या बदलायची हाक त्याच्याच काळातली. माजाचा करार मात्र संपत आला होता आणि नवा काही होत नव्हता. जानेवारी २०१९ मध्ये त्याला बोर्दोला विकावं लागलं. मग ट्रान्सफर विंडोच्या शेवटच्या रात्री, कॅमेऱ्यासमोर, डोनाल्ड विल ग्रिगसाठी बोली वाढवत गेला, वाढवत गेला, आणि ३० लाख पौंडांवर थांबला. तिसऱ्या थरात एवढी रक्कम कुणी मोजल्याचं ऐकिवात नव्हतं. ग्रिगच्या पायातून पुढं फारसे गोल आले नाहीत. मालिकेतला तो भाग बघताना हसू येतं आणि हसता हसता पोटात गोळाही येतो, कारण ‘स्ट्रायकर आणा’ ही चाहत्याचीच मागणी मालक पुरी करत होता. चाहत्यासारखं बोलावं, खरेदीला बसलं की चाहत्यासारखं वागू नये.

त्याच हंगामात संघ दोनदा वेम्बलीवर गेला. मार्चमध्ये खालच्या थरांतल्या चषकाचा अंतिम सामना पोर्ट्समथशी, बघायला ८५,०२१ माणसं, पराभव पेनल्टीवर. मेमध्ये बढतीचा प्लेऑफ चार्ल्टनशी, पराभव ९४ व्या मिनिटाला. तरी लीग वनच्या सामन्यांना तीस हजारांवर लोक येत राहिले, आणि २०१८ च्या बॉक्सिंग डेला ब्रॅडफर्डविरुद्ध तर ४६,०३९ आले. तिसऱ्या थरात ही गर्दी म्हणजे अचंबाच. मात्र ही निष्ठा दुधारी असते, हे सांगायलाच हवं. एवढी माणसं काहीही झालं तरी येणारच असतील, तर सुधारायची घाई मालकाला का वाटावी?

फेब्रुवारी २०२१ मध्ये सूत्रं घेतली किरिल लुई-ड्रेफस या २३ वर्षांच्या तरुणानं. वडील रोबेर एकेकाळी मार्सेचे मालक. याचा हिशेब सरळ होता: कोवळे खेळाडू स्वस्तात घ्यायचे, त्यांना खेळू द्यायचं, महाग झाले की विकायचे, उतारवयाच्या नावांवर पैसा उधळायचा नाही. मे २०२२ मध्ये अॅलेक्स नीलच्या हाताखाली संघानं वेम्बलीवर वायकमला २-० नं हरवलं आणि लीग वनचा चार वर्षांचा वनवास सुटला. त्यानंतर टोनी मोब्रेच्या संघात पोरंच पोरं. अकादमीतून वर आलेले डॅन नील आणि अँथनी पॅटरसन, लिनफिल्डहून आणलेला ट्राय ह्यूम, पुढं सतरा वर्षांचा जोब बेलिंगहॅम, आणि त्याहून लहान क्रिस रिग. खेळ देखणा झाला. चाहता खूश होता, पण मनात एक रुखरुख होतीच: चांगला झाला की जाणार, हे ठाऊक असलेल्या पोरावर जीव किती लावायचा?

आणि स्ट्रायकरचं तुणतुणं पुन्हा सुरू झालं. या वेळी ते रास्त होतं. जानेवारी २०२३ मध्ये रॉस स्ट्युअर्टच्या घोट्यामागची शीर तुटली आणि त्याच्या जागी खरा स्ट्रायकर नसतानाच संघ प्लेऑफपर्यंत गेला. उन्हाळ्यात क्लबनं एका अनुभवी माणसाऐवजी चार कोवळे फॉरवर्ड आणले. गोल आटले. त्यातला एक सोशोहून आलेला एलिएझर मायेंदा: दुखापत, गोल शून्य, आणि जानेवारीत स्कॉटलंडच्या हिबर्नियनकडे उसना रवाना. चाहत्यांनी त्याच्या नावावर फुली मारून टाकली.

तो हंगामच मुळात नासका होता. डिसेंबरमध्ये मोब्रेंना काढलं, मायकल बील आले, दोन महिन्यांत गेले, संघ सोळावा आला. पण चाहत्याला सर्वांत झोंबलं ते निकालात नव्हतंच. जानेवारी २०२४ मध्ये एफ.ए. कपात पाहुणा होता न्यूकॅसल, जन्मोजन्मीचा वैरी. स्टेडियममधला ब्लॅक कॅट्स बार पाहुण्यांना दिला होता आणि कुणीतरी तो चक्क न्यूकॅसलच्या घोषणांनी सजवून ठेवला होता. सामना ०-३ असा गेला. लोकांनी तो गिळला. भिंती मात्र गिळवेनात. मालकाला माफी मागावी लागली. संघबांधणीच्या कुठल्याही आराखड्यात बारची भिंत नसते, आणि चाहत्याच्या आराखड्यात ती पहिल्या पानावर असते. या एका बाबतीत त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. गावाला आपल्याच घरात परकं करून संघ बांधता येत नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात रेजी ल ब्री आले. लोरियाँ हा त्यांचा संघ नुकताच फ्रान्सच्या पहिल्या थरातून घसरलेला. गावात भुवया उंचावल्या. पण त्यांनी त्याच पोरांकडून शिस्तीत बचाव करून घेतला आणि पुढं विल्सन इसिडोर गोल करू लागला. हंगाम सरताना संघ लीगमधले शेवटचे पाच सामने ओळीनं हरला, तरीही चौथा राहून प्लेऑफमध्ये पोचला. कॉव्हेंट्रीविरुद्धच्या पहिल्या सामन्यात इसिडोर आणि मायेंदाचे गोल, २-१. दुसरा सामना घरी. जादा वेळही संपत आला होता आणि पेनल्टी दिसायला लागल्या होत्या, तेव्हा १२२ व्या मिनिटाला कॉर्नरवर डॅन बॅलर्डनं डोकं लावलं.

२४ मे २०२५ ला वेम्बलीवर समोर होता शेफिल्ड युनायटेड. ल्यूक ओनायन सुरुवातीलाच खांदा निखळून बाहेर गेला. २०१८ मध्ये, संघ तळाला असताना, जो वायकमहून आला आणि सगळी वर्षं टिकला तोच हा. शेफिल्डनं गोल केला, दुसराही केला, पण दुसरा व्हीएआरनं रद्द ठरवला. ७६ व्या मिनिटाला बरोबरी साधली मायेंदानं, त्याच फुली मारलेल्या पोरानं. आणि ९५ व्या मिनिटाला अकादमीतून आलेल्या टॉम वॉटसननं दुरून चेंडू कोपऱ्यात सारला. वॉटसनचं ब्रायटनला जाणं आधीच ठरलेलं होतं आणि त्यावरून काहींच्या कपाळाला आठ्याही पडल्या होत्या. संघाला आठ वर्षांनी वर नेणारा गोल जाता जाता करून तो गेला. जीव लावायचा की नाही, या प्रश्नाचं उत्तर स्टँडनं त्या संध्याकाळी गळा फोडून दिलं.

वर आल्यावर क्लबनं आपलाच नियम मोडला. जोब डॉर्टमुंडला गेला, दहा कोटी पौंडांहून अधिक खर्च झाला आणि लेव्हरकुसेनहून आणला ग्रानिट झाका, वय ३२. कोवळ्या पोरांत एक जाणता हवा, असं स्टँड दोन-तीन वर्षं ओरडतच होता. या वेळी ऐकलं गेलं आणि कर्णधाराची पट्टीही झाकाच्याच दंडाला आली. १६ ऑगस्ट २०२५ ला प्रीमियर लीगमधला पहिला सामना वेस्ट हॅमशी, घरच्या मैदानावर. संडरलंडनं तो ३-० नं जिंकला. एवढी नवी खरेदी मैदानात असताना तिन्ही गोल केले ते जुन्यांनीच: मायेंदा, बॅलर्ड, इसिडोर. कॉव्हेंट्रीविरुद्ध ज्या तिघांनी केले होते, तेच तिघे.