मोडीत निघालेल्या जिनसा

पायली. मुरबाडच्या बाजारात भात आता क्विंटलनं जातं. पायली उरली असेल तर कुणाच्या माळ्यावर, खिळे-बिजागऱ्या ठेवायला. शेर आणि अधोली तिच्याही आधी गेल्या. घेताना मोठं माप, देताना लहान, ही सावकाराची रीत. त्यामुळे माप गेलं याचं वाईट वाटायचं कारण नाही. पण भरल्या मापावरून हात फिरवून शीग पाडायची एक लकब होती, ती कुणाला करून दाखवायला सांगितली तर आता हात अडखळतो.

धान्यपेढी. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, लोकांचे भाई कोतवाल, जन्म १ डिसेंबर १९१२, नाभिक घरातले, शिकून वकील झालेले. डोंगरपट्टीतला शेतकरी पावसाच्या तोंडावर सावकाराकडे खावटी मागायला जातो आणि सुगीला खळ्यावरूनच रिकाम्या हातानं परततो, हे त्यांनी पाहिलं. उपाय म्हणून त्यांनी शेतकऱ्यांसाठी धान्यपेढ्या काढल्या, शाळाही काढल्या. त्या पेढीची एखादी पावती, एखादी वही कुठे शिल्लक आहे का म्हणून मी विचारत हिंडलो. माणसं चहा देतात आणि पुतळ्याचा रस्ता दाखवतात.

मनोरा. १९४२च्या पावसाळ्यानंतर ‘चले जाव’ चळवळीतल्या कोतवालांच्या भूमिगत आझाद दस्त्यानं मुंबईकडे वीज नेणारे लोखंडी मनोरे पाडायला घेतले. खोपोली आणि भिवपुरीला घाटमाथ्याचं पाणी खाली सोडून टाटा कंपनी वीज करत असे आणि ती डोंगराखालच्या वाड्यांच्या डोक्यावरून मुंबईच्या गिरण्यांकडे जाई. वाड्यांत चिमणी. करवतीनं कापलेल्या त्या मनोऱ्यांचा तुकडासुद्धा आज दिसत नाही. लोखंड कधी वाया जात नाही, त्याचे विळे झाले असतील.

(याच टाटांच्या नात्यातला एक माणूस, शापुरजी सकलातवाला, जमशेटजींचा भाचा, १९२२ साली लंडनच्या बॅटरसीतून मजूर पक्षाच्या पाठिंब्यानं पार्लमेंटात निवडून गेला होता. पुढे तो उघड कम्युनिस्ट म्हणून निवडून आला. तो १९३६ साली वारला. मनोरे पडल्याचं त्याला कळतं तर कुणाची बाजू घेतली असती, हा प्रश्न मला उगाच पडतो.)

२ जानेवारी १९४३. ही तारीख जिनसांत मोडत नाही, पण इथे ती वस्तूसारखीच जपली जाते. पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी वेढा घातला. हॉल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याची तुकडी. हिराजी पाटील पडले, भाई कोतवाल पडले. कोतवालांचं वय तीस. दर वर्षी त्याच पहाटे लोक अंधारात चालत येतात आणि गोळ्या सुटल्या त्या वेळेला गप्प उभे राहतात. नंतर उजाडतं, गाड्या येतात, भाषणं होतात. अंधारातली माणसं तोवर खाली उतरायला लागलेली असतात.

आता एक जिन्नस अशी, जी या डोंगरात कधी नव्हतीच: क्लेमंट अ‍ॅटली यांचं नाव. इथल्या कुठल्या भाषणात मी ते ऐकलेलं नाही. पण हिशेब मांडायचा तर त्यांच्याशिवाय तो पुरा होत नाही. ३ फेब्रुवारी १९२८ला सायमन कमिशन मुंबईला उतरलं, काळे झेंडे निघाले, त्या कमिशनात मजूर पक्षाचे म्हणून हे गृहस्थ होते. ऑगस्ट १९४२ मध्ये ते उपपंतप्रधान. पंतप्रधान चर्चिल कैरो-मॉस्कोच्या दौऱ्यावर होते, म्हणून युद्धमंडळाच्या अध्यक्षस्थानी अ‍ॅटली बसले, आणि काँग्रेस पुढाऱ्यांना पकडायला लंडनची संमती मिळाली ती त्यांच्या हाताखालच्या बैठकीत. त्या धरपकडीतून भूमिगत चळवळ, भूमिगत चळवळीतून आझाद दस्ता, दस्त्यातून सिद्धगडची पहाट. म्हणजे गोळी सुटली ती नुसत्या हुजूर पक्षाच्या राज्यात नव्हे, मजूर मंत्रीही त्या सरकारात होते. पुढे जुलै १९४५ मध्ये निकाल लागले, मजूर पक्षाला ३९३ जागा, अ‍ॅटली पंतप्रधान. दोन वर्षांनी त्यांनीच इथलं राज्य आवरतं घेतलं. इथल्या लोकांनी त्यांना शिव्याही दिल्या नाहीत आणि हारही घातला नाही. मला तरी हे बरोबर वाटतं.

लाल बावटा. तो निवडून आलेल्या सरकारातून आला नाही, चालत आला. कम्युनिस्ट कार्यकर्ते गोदावरी आणि शामराव परुळेकर वाड्यावाड्यांतून हिंडले आणि ७ जानेवारी १९४५ला टिटवाळ्यात महाराष्ट्राच्या किसान सभेचं पहिलं अधिवेशन भरलं. तिथून ठिणगी उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांत गेली: वेठ बंद, लग्नाच्या कर्जापायी राबणारे लग्नगडी बंद, पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. ऑक्टोबरात तलवाड्याला जमावावर गोळीबार झाला, जेठ्या गांगडसह पाच जण गेले. तेव्हा लंडनमध्ये डाव्यांचं सरकार येऊन अडीच महिने झाले होते. मुंबई इलाख्यात गव्हर्नरची राजवट, पोलीस तेच, बंदुका त्याच. सरकार बदलल्याचं तलवाड्यात कुणी कळवलं नसावं.

शामराव १९५७ला ठाण्यातून लोकसभेत गेले. १९६५ साली स्थानबद्धतेतच वारले. आता मुरबाडला बावटा दिसतो तो मोर्चाच्या दिवशी, आणि तोही धुऊन फिकट झालेला.

खंड. कुळानं मालकाला द्यायचं भात. १९४८चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७पासून कसणारा कागदावर मालक झाला. हे केलं काँग्रेसच्या सरकारनं. पण बावटा खळ्यावर उभा राहिला नसता तर त्यांना एवढी घाई झाली असती असं मला वाटत नाही. ‘बत्तीस ग’ हा शब्द म्हातारी माणसं अजून देवाच्या नावासारखा घेतात. नातवंडांना तो कलमाचा आकडा आहे हेही ठाऊक नसतं. तलाठ्याच्या हातचा निळ्या शाईचा शेरा गेला आणि सातबारा मोबाइलवर आला. त्यातल्या ‘इतर हक्क’ या रकान्यात कुठेकुठे अजून एखादं कुळाचं नाव अडकलेलं असतं. जमीन घ्यायला आलेला माणूस आधी तो रकाना बघतो.

विलायतेतल्या मजूर पक्षाच्या कामाची मोडही इथेच मांडून ठेवतो. १ जानेवारी १९४७ला कोळशाच्या खाणींवर त्या खाणी आता जनतेच्या आहेत अशा पाट्या लागल्या. शेवटची खोल खाण, केलिंग्ली, डिसेंबर २०१५ मध्ये मिटली. ५ जुलै १९४८पासून डॉक्टर फुकट झाला, दात आणि चष्माही फुकट. तीन वर्षांत दात-चष्म्याला पैसे लावायचं ठरलं आणि ती सगळी योजना उभी करणारा अन्युरिन बेव्हन मंत्रिपद टाकून घरी गेला. कवळीवरून राजीनामा देणारा मंत्री ही जात तर सगळीकडचीच नामशेष. मजूर पक्षाच्या सभासद-कार्डामागे छापलेलं चौथं कलम, उत्पादनाची साधनं सर्वांच्या मालकीची असं सांगणारं, ते १९९५ साली पक्षनेते ब्लेअर यांनीच बदललं. सरकारी भाड्याची घरं थॅचरबाईंनी भाडेकरूंनाच विकायला काढली. रेल्वेचं मात्र चाक उलट फिरतंय: १९४८ला सरकारी, नव्वदीत खासगी, आणि २०२५पासून पुन्हा एकेक मार्ग सरकारकडे.

रेशन. हा शब्द युद्धात आला, मुंबईत १९४३ला लागू झाला आणि राहिला. ब्रिटनमध्ये युद्ध चालू असताना पाव मोकळा होता. तो रेशनवर घातला मजूर सरकारनं, १९४६ ते ४८. तिकडे शेवटचं रेशन १९५४ला उठलं. इकडे १९९९पासून कार्डाला तीन रंग आहेत, पिवळा, केशरी, पांढरा. घरातला महत्त्वाचा कागद कोणता विचारलं तर बाई सातबाऱ्याच्या आधी हेच काढते. तेव्हा ही जिन्नस यादीतून खोडतो. ती मोडीत निघालेली नाही.

वहाणा. मार्च २०१८, नाशिकहून मुंबईला निघालेला शेतकऱ्यांचा पायी मोर्चा कसारा घाट उतरून शहापूरवरून गेला. लाल टोप्यांची रांग हायवेवर संपता संपेना. पायांना फोड, कुणाच्या वहाणेला सुतळी. मागणी वनजमिनीच्या पट्ट्यांची, म्हणजे पुन्हा रकान्यात नाव यायचीच. २०२३ला पुन्हा निघाले, ते शहापूर तालुक्यातच वाशिंदला थांबले. रस्त्याच्या कडेला तुटलेल्या वहाणा पडल्या होत्या, त्या कुणी उचलून ठेवल्या नाहीत. पुढच्या यादीत त्या कुठून आणायच्या?

याच शहापुरात तानसाचा तलाव आहे, १८९२चा, पाणी मुंबईला. भातसा धरणाचंही मुंबईला. उन्हाळ्यात डोंगरातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात, आणि टँकर आला की हंड्यांची रांग अजून तशीच लागते. हंडे तेवढे तांब्या-पितळेचे होते, ते प्लास्टिकचे झाले.

रॉकेल. रेशनचं, निळं. दुकानासमोर कॅन ओळीत ठेवून माणसं सावलीला बसत, कॅन रांगेत उभे राहत. ते बंद झालं. सिद्धगडाखालच्या वाडीत आता मीटर आहे, बल्ब आहे, पावसात दोन-दोन दिवस जाणारी वीज आहे. एका घरात कोनाड्यात चिमणी ठेवलेली पाहिली, काच पुसलेली. आत वात होती, तेल नव्हतं. का ठेवलीय म्हणून विचारलं, तर आजी म्हणाल्या, “र्‍हाऊ दे. ती लाइट गेली का पोरं आधी तिच्याकडंच बघत्यात.”