पांढरी नवरी, काळी वरमाय

लग्न म्हटले की आपल्याकडे रंग ठरलेले. अष्टपुत्री पिवळी, चुडा हिरवा, कुंकू तांबडे. पांढऱ्याला मांडवात फारसा मान नाही, आणि काळ्याची आठवण व्हायची ती संक्रांतीला!

टोकियोच्या मेइजी देवस्थानात मात्र हे दोन्ही रंग मोठ्या थाटात मिरवत आलेले मी पाहिले. मेइजी सम्राट आणि सम्राज्ञी शोकेन यांच्या स्मरणार्थ १९२० साली उभे राहिलेले हे स्थान. भोवतालची घनदाट राई माणसांनी लावलेली. देशभरातून सुमारे १ लाख झाडे लोकांनी दिली. मुलगी तिकडे नोकरीला, म्हणून माझे जाणे झाले.

अंगणातून वरात निघाली. वाजंत्र्यांचा गलका नाही, की ‘सरका, सरका’ नाही. पुढे पुरोहित आणि पांढऱ्या-तांबड्या वेषातल्या देवळातल्या मुली. मागे भल्या मोठ्या लाल छत्रीखाली वधूवर. नवरी नखशिखान्त शुभ्र! आणि त्यांच्यामागून दोघांच्या आया, चक्क काळ्या किमोनोत. वर घराण्याची ५ पांढरी चिन्हे, खाली घोळाशी तेवढी नक्षी. वरमायेचा तिकडे हाच मानाचा पोशाख.

आत वधूवर ३ पेल्यांतून ३-३ घोट साके घेतात, असे मुलीने सांगितले. आहेराच्या नोटा कोऱ्या हव्यात, आणि आकडा विषम. समाचे दोन सारखे भाग पडतात ना! आपल्या १०१ मधला वरचा रुपया आठवून मला हसू आले.

“केवढी जुनी रीत!” मी म्हटले.

“जुनी कसली! पूर्वी लग्नं घरीच व्हायची. १९०० साली युवराज योशिहितोंचं लग्न देवापुढे लागलं, आणि मग लोकांत ही पद्धत पसरली.”

तेवढ्यात वरात जवळ आली आणि मी सवयीने दोन पावले मागे सरले. ‘हे’ गेल्याला ११ वर्षे झाली. नवरीला ओवाळायची वेळ आली की मी आपली होऊन स्वयंपाकघरात काहीतरी काम काढते. कुणाला सांगावे लागत नाही. शेजारी एक जपानी आजी होत्या. मला दिसत नसेल असे त्यांना वाटले असावे. त्यांनी माझ्या कोपराला धरून मला पुढे उभे केले. नवरी हातभर अंतरावरून गेली. जाताना तिने किंचित मान लववली.

मुलगी हे सारे पाहत होती. परतताना आगगाडीत म्हणाली, “आई, मार्गशीर्षात माझं कन्यादान तू करायचंस. काकांनी नाही.”

“अगं, आपल्यात तशी रीत नाही.”

“त्यांची रीत १९०० सालापासून. आपली यंदापासून.”

भटजींना विचारले, ते लगेच हो म्हणाले. थोरल्या जाऊबाई अजून बोलत नाहीत. दिवाळीच्या फराळाला येतील, तेव्हा पुन्हा विषय काढीन. साडी मात्र घेऊन ठेवली आहे: हिरवी, तांबड्या काठांची.