पडवीतल्या टाकीस

प्रिय टाकी,

दिवेआगरला आमच्याकडे येणारा पाहुणा सरळ माजघरातल्या मोठ्या टाकीपुढे जाऊन उभा राहतो. तिथले झोआंथिड प्रवाळांचे हिरवे-नारिंगी गुच्छ बघतो, क्लाउनफिश मोजतो. पडवीत तुझ्याकडे कुणी वळत नाही. तुझ्यात वाळू नाही, दगड नाही. पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे, स्पंज फिल्टर आणि हीटर एवढाच तुझा संसार. तरी हे पत्र तुलाच आहे.

तू नव्हतीस तेव्हा मी एक नवा मासा थेट मोठ्या टाकीत सोडला. दोन दिवसांत त्याच्या अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके उठले आणि पाचव्या दिवशी आपोआप गेले. मासा बरा झाला असं मी घरभर सांगितलं. प्रत्यक्षात क्रिप्टोकॅरिऑन नावाचा तो परजीवी पोट भरून खाली उतरला होता. वाळूत, दगडावर तो कोष करून बसतो आणि एकेका कोषातून शेकडो पिल्लं नवा मासा शोधत निघतात. दुसऱ्या खेपेला एकही मासा वाचला नाही. तांब्याचं औषध होतं, पण त्याने प्रवाळ, कोळंबी, शंख मरतात. मी नुसता बघत राहिलो.

तुला उघडीबोडकी ठेवली ती यासाठीच. वाळू आणि दगड तांबं शोषून घेतात, मग पाण्यात औषध किती उरलं ते कळत नाही. शिवाय कातडीखालच्या किंवा कोषातल्या किड्याला तांबं लागत नाही, मोकळा पोहतानाच तो मरतो. त्यामुळे मासा महिनाभर तुझ्याकडे. हॅचरीत जन्मलेलाही सुटत नाही, कारण दुकानात सगळ्यांचं पाणी एक होतं.

प्रवाळांना हा रोग होत नाही, मात्र त्यांच्या बुडाच्या दगडाला कोष चिकटून येतो. प्रयोगशाळेत कोष 72 दिवसांनीही फुटल्याची नोंद आहे, म्हणून प्रवाळ बिनमाशांच्या टबात 76 दिवस राहतात. दगडी प्रवाळ तर मी घेतच नाही. 2001 पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

समुद्र सुरूच्या बनापलीकडे आहे, पण त्याचं पाणीही तुझ्यात घालत नाही. त्यातून काय येईल सांगता येत नाही, आणि पावसाळ्यात किनाऱ्याचा खारेपणा उतरतो. गाळलेल्या पाण्यात मीठ कालवून घनता 1.025 वर आली की मगच तुला भरतो.

2020 च्या गणपतीला, कोविडच्या साथीत, मुंबईहून आलेल्या माझ्या धाकट्या भावाला आम्ही याच पडवीत दहा दिवस ठेवलं होतं. ताट उंबऱ्यावर ठेवून मागे सरताना आईच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण तिने त्याला एक दिवसही आधी आत घेतलं नाही.

नवा मासा घरी आणणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे, मोठ्या टाकीआधी अशी एक टाकी मांडा. कशी मांडायची ते बघायला आमच्या पडवीत या.

तुझा,
माजघरातला एक माणूस